पुढच्या ओळीतले राक्षस

१

युकिनारी ओनोझुका त्याच्या खोलीत नव्हता.

एखादा माणूस घरात नाही, ही काही बातमी होत नाही. पण युकिनारी चौदा वर्षं त्या खोलीतून बाहेर पडला नव्हता. घरातले झोपले की न्हाणीघरापर्यंत जायचा, तेवढंच. वय छत्तीस.

त्याच्या आईचा फोन आला तेव्हा मी आमच्या खेळण्यांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत व्हिनाइलचे, म्हणजे मऊ प्लास्टिकचे, तुकडे भट्टीत ठेवत होते. गुरुवार, सकाळचे साडेआठ.

"तू शिओरी नागुरा ना? माझ्या मुलाला पत्रं लिहायचीस ती?"

"हो. बोला ना, काकू."

"तो तुझ्याकडे आलाय का ग? आला असेल तर फक्त हो म्हण. मी रागावणार नाही. न्यायलाही येणार नाही. नुसतं हो म्हण."

मी नाही म्हणाले. त्यांनी फोन ठेवून दिला.

युकिनारीला मी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या पत्त्यावर त्याचं पत्र आलं होतं: "माझ्याकडे मऊ व्हिनाइलचे चौऱ्याऐंशी राक्षस आहेत. त्यातले नऊ चिकट झालेत. का?" बाकीच्यांनी हसून ते पत्र माझ्याकडे ढकललं. प्रश्न चांगला होता, म्हणून मी दोन पानं उत्तर लिहिलं. तेव्हापासून एकतीस पत्रं झाली. तो प्रत्येक फळीवरचं तापमान रोज लिहून ठेवायचा.

मी रजा टाकली आणि सायकलवरून निघाले. त्यांचं घर कारखान्यापासून अवघ्या बारा मिनिटांवर होतं. दोन वर्षं मी टपालाची तिकिटं लावत होते.

२

तोमिएकाकूंनी दार उघडलं. त्यांच्या मोज्यांना घोट्यापर्यंत चिखल लागला होता.

"मी मंगळवारी दहाला बाहेर पडले, दोनला परत आले," त्या जिना चढता चढता सांगू लागल्या. "तर दार सताड उघडं. कडी आतून काढलेली. चौकीवरचा पोलीस म्हणतो, सज्ञान पुरुष आहे, आपल्या पायांनी गेलाय, वाट बघा. वाट बघा म्हणे!"

"घरात कोण होतं?"

"हे होते. पण हे म्हणतात न्हाव्याकडे गेलो होतो, आलो तेव्हा खोली रिकामी." खोलीच्या दाराशी त्या थांबल्या. "तू बघ. मला आत जाववत नाही."

मला वाटलं होतं, पसारा असेल. पसारा नव्हता. समोरच्या भिंतीवर सात फळ्या, आणि त्यांवर राक्षस. शिंगवाले, खवल्यांचे, तीन डोळ्यांचे, वीतभर उंचीचे. सगळे पुढे तोंड करून, कडेला कड लावून, कवायतीला उभे असल्यासारखे.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. "किती नीट लावलंय. माणूस असं नीटनेटकं कधी करतो, ठाऊक आहे ना? जायच्या आधी. मागे कुणाला त्रास नको म्हणून." त्यांनी दाराची चौकट धरली. "मी दोन दिवस नदीचा काठ पालथा घालतेय. पुलाखाली बघते. लव्हाळ्यात बघते. एक बूट सापडला, तो त्याचा नव्हता. त्याच्या पायाचं माप काय, हेच मला आता माहीत नाही ग."

मेजावर औषधाच्या कागदी पुड्या होत्या. प्रत्येकीवर वार आणि वेळ छापलेली. मंगळवार सकाळ फाडलेली. मंगळवार संध्याकाळ, बुधवार सकाळ, बुधवार संध्याकाळ, गुरुवार सकाळ, या चार बंद. मी औषधाचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

"काकू, हे फिट्सचं औषध आहे."

त्यांनी झटकन मागे वळून जिन्याकडे पाहिलं. "हळू बोल! ह्यांना मी पित्ताच्या गोळ्या म्हणून सांगितलंय. सहा वर्षं झाली. मित्सुयोच्या, माझ्या मुलीच्या सासरी कळलं असतं तर... मी म्हणून तर लांबच्या डॉक्टरकडे जाते, दर महिन्याला एका मंगळवारी. कुणाला सांगू नकोस. शपथ घे."

"हे एकदम बंद केलं तर..."

"मला माहीत आहे काय होतं," त्या म्हणाल्या. "मी एकदा बघितलंय."

म्हणजे प्रश्न असा होता: तो नदीत नसेल, तर कुठेतरी आहे, आणि जिथे आहे तिथे त्याच्या चार मात्रा चुकल्या आहेत. पाचवीपर्यंत नऊ तास.

३

मी फळ्यांसमोर गुडघे टेकून बसले.

माझ्या पहिल्याच पत्रात मी त्याला एक गोष्ट अधोरेखित करून लिहिली होती. मऊ व्हिनाइलमध्ये ते मऊ ठेवणारं तेल असतं. वर्षानुवर्षं ते बाहेर झिरपतं. दोन राक्षस एकमेकांना टेकले, तर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो आणि तो डाग पुन्हा निघत नाही. त्यावर त्याचं उत्तर आलं होतं: "आजपासून प्रत्येकात पंधरा मिलिमीटर. मापून."

समोरचे राक्षस खांद्याला खांदा लावून उभे होते. हिरव्याची शेपटी गुलाबीच्या पोटात रुतली होती.

मी चार राक्षस उचलले. ते फळीच्या अगदी पुढच्या कडेवर होते. त्यांच्या मागे, हातभर आत, पांढऱ्या रंगावर तेलकट पावलांचे जुने ठसे होते. ठशांमध्ये अंतर पंधरा मिलिमीटर. ती त्यांची खरी जागा. आणि ते चिकट नऊ? त्यांना त्यानं सगळ्यात खालच्या, गार फळीवर वेगळं ठेवलं होतं. आता ते सगळीकडे विखुरले होते.

"काकू," मी म्हणाले, "हे युकिनारीनं लावलेलं नाही."

"म्हणजे?"

"त्यानं निरोप घेतलेला नाही. हे दुसऱ्या कुणीतरी लावलंय. तो गेल्यानंतर."

त्या तिथेच खाली बसल्या. रडल्या नाहीत. कपाळ जमिनीला टेकवून नुसत्या "नदीत नाही, नदीत नाही" म्हणत राहिल्या.

मी आणखी एक गोष्ट पाहिली, पण तिचा अर्थ लागेना. या राक्षसांच्या तळपायावर साचा बनवल्याचं वर्ष कोरलेलं असतं, तांदळाच्या दाण्याएवढ्या आकड्यांत. मी पहिल्या फळीवरचे सगळे उलटे करून बघितले. पुढच्या ओळीत जुने, मागच्या ओळीत नवे. दुसऱ्या फळीवर तेच. सातही फळ्यांवर तेच. ज्यानं कुणी हे उचलून लावलं, त्यानं प्रत्येकाचा तळपाय वाचला होता.

कशासाठी?

४

योशिकात्सुकाका स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर भिंग फिरवत बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"पत्रवाली का तू?"

"हो. मंगळवारी तुम्ही..."

"न्हाव्याकडे होतो. बायकोला सांगितलं, पोलिसाला सांगितलं, आता खेळण्याच्या कारखान्यालाही सांगतो. छत्तीस वर्षांचा घोडा आहे तो. स्वतः कडी काढली, स्वतः गेला. कडी तुटलीय का? नाही ना?"

कडी खरंच तुटली नव्हती. पण काकांचे केस कानांवर आले होते, मानेवर कुरळे झाले होते. ज्या न्हाव्याकडे ते गेले होते, त्यानं बहुधा नुसत्या गप्पा मारल्या असाव्यात.

काकू दारातून म्हणाल्या, "मी आले तेव्हा ह्यांनी करी केलेली होती. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, ह्या माणसानं कधी अंडं उकडलं नाही. पोरगा गेला त्याच दिवशी ह्यांना स्वयंपाक सुचला! वर दोन ताटल्या विसळून ठेवलेल्या."

"भूक लागली होती," काका म्हणाले. "दोनदा घेतली."

"दोन वेगवेगळ्या ताटल्यांत?"

"तोमिए, गप्प बस!"

त्यांचा आवाज मोठा होता, पण भिंग वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर फिरत होतं. हा माणूस खोटं बोलत होता, इतकं नक्की. पण फळ्या त्यानं लावल्या नव्हत्या. ज्याला बातमीचा मथळा भिंगाशिवाय दिसत नाही, तो चौऱ्याऐंशी तळपायांवरची वर्षं वाचणार नाही. म्हणजे घरात आणखी कुणीतरी होतं.

"खोलीबद्दल कुणाला माहिती होती?" मी काकूंना विचारलं.

"तोकिता म्हणून एक व्यापारी आहे. रविवारी आला होता. युकिनारीचा निळा राक्षस त्याला हवाय, वर्षभर मागे लागलाय. दाराबाहेरून ओरडून बोलतो. आणि मित्सुयो. पण ती तर नऊ वर्षं त्या जिन्यावर चढलेली नाही."

मी तोकिताला फोन लावला.

"गायब?" तो म्हणाला. "आणि निळा?"

"निळा आहे. तिसऱ्या फळीवर. पिवळ्याला चिकटून."

"चिकटून?" तो एवढ्यानं ओरडला की काकूंनाही ऐकू गेलं. "अहो ताई, वेगळा करा त्याला! आत्ता! कोण गाढव आहे ते? मी त्याला हातमोजे घालून हात लावला असता हो, पोटच्या पोरासारखा!"

मी फोन ठेवला. माणसाची चौकशी न करणारा हा गृहस्थ मला अजिबात आवडला नाही, पण फळ्या लावणारा तो नव्हता. आणि त्याला जो निळा हवा होता, तो जागेवर सोडून तो मालकाला कशाला नेईल?

राहिली बहीण.

५

मित्सुयोताईचं दुकान मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. चोवीस तास उघडं राहणारं, भाताच्या गोळ्यांपासून छत्र्यांपर्यंत सगळं मिळणारं. ती दुधाच्या कपाटापाशी उकिडवी बसून माल लावत होती. चाळिशीची, बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

मी ओळख सांगितली. ती उठली नाही.

"आईनं पाठवलं? मला काही माहीत नाही. कुठे गेला असेल तिथून येईल."

"तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"मला?" ती हसली. "चौदा वर्षं त्या घरात एकाच माणसाची काळजी चालते. माझ्या लग्नात आई त्याच्या दाराशी ताट ठेवायचं म्हणून मध्येच घरी गेली. माझ्या मुलीनं मामाला बघितलेलं नाही. तिला वाटतं वरच्या मजल्यावर भूत आहे."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. वेळ काढायला म्हणून मी कपाटातल्या दुधाच्या पुड्याकडे हात नेला आणि सवयीनं मागे घातला. सगळेच घालतात, मागचं दूध ताजं असतं.

"पुढचं घे की!" ती खेकसली. "मागचं कशाला उकरतेस? सगळ्या एकजात तशाच. पुढचं काय विषारी असतं?"

"सवय आहे."

"मलाही सवय आहे. जुनं पुढे, नवं मागे. आणि एक गेलं की बाकीचे कडेपर्यंत ओढायचे, म्हणजे फळी भरलेली दिसते. दिवसातून वीस वेळा. झोपेतसुद्धा हात चालतात माझे."

बोलता बोलता तिनं एक पुडा उचलला, त्यावरची तारीख वाचली, तो पुढे ठेवला आणि दोन्ही हातांनी सगळी ओळ कडेपर्यंत ओढून घेतली. पुड्याला पुडा टेकला.

मी तिच्या हातांकडे बघत राहिले.

"मित्सुयोताई," मी हळूच म्हणाले, "राक्षस शिळे होत नाहीत."

तिचे हात थांबले.

"तुम्ही प्रत्येकाच्या तळपायावरचं वर्ष वाचलंत. जुने पुढे, नवे मागे, सगळे कडेपर्यंत ओढलेले. मंगळवारी तुम्ही त्या खोलीत होतात. युकिनारी कुठे आहे?"

"तू कोण ग विचारणारी?"

काकूंसमोर मी शपथ घेतली नव्हती. घेतली असती तरी मोडली असती.

"तुमच्या भावाला फिट्स येतात. सहा वर्षांपासून. औषध घरीच राहिलंय, आणि दोन दिवस झाले."

"खोटं. त्याला पित्त आहे."

"पित्त नाही."

ती दुधाच्या खोक्यावर बसली. गल्ल्यावरची मुलगी आमच्याकडे बघत होती. मित्सुयोताईनं मला हाताला धरून मागच्या मालाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"एक संस्था आहे," ती म्हणाली. "अशा लोकांना घरातून बाहेर काढते. डोंगरात ठेवते, कामाला लावते, माणसात आणते. मी सही केली. बाबांनी हो म्हटलं. आई घरी नसताना सहा माणसं आली. मला वाटलं, बोलतील, समजावतील. त्यांनी त्याला उचललं. तो फळ्यांना धरून राहिला ग. फळ्यांवरचं सगळं खाली आलं. बोटं एकेक करून सोडवली त्याची." तिनं तोंडावर हात दाबला. "आईनं तो पसारा बघितला असता तर मेली असती. म्हणून मी सगळं नीट लावलं. इतकं नीट लावलं की..."

"त्यांना फोन लावा."

"ते म्हणालेत, तीन महिने फोन करायचा नाही."

"लावा!"

६

स्पीकरवर आलेला संस्थेतल्या बाईचा आवाज गोड होता. "पहिले तीन महिने रुळण्याचे असतात. घरच्यांनी धीर धरावा."

"तो कसा आहे, एवढंच सांगा," मित्सुयोताई म्हणाली.

"अगदी छान. सकाळी थोडं नाटक केलं त्यानं, हातपाय झाडले, दात खाल्ले. सगळेच करतात सुरुवातीला. आता गाढ झोपलाय. घोरतोय. दोनदा हलवलं, उठला नाही."

मित्सुयोताईच्या हातातून मी फोन घेतला.

"तो झोपलेला नाही," मी म्हणाले. "त्याला फिट आली होती, आणखी येतील. त्याला कुशीवर करा आणि आत्ता रुग्णवाहिका बोलवा."

"आपण कोण बोलताय? आमच्या नियमाप्रमाणे..."

पुढचं मित्सुयोताई बोलली. फोनवर तोंड ठेवून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्यानं. "तुमचा नियम घाला चुलीत! सही माझी आहे ना? मी सांगतेय ना? माझा भाऊ मेला तर मी तिथे येऊन जीव देईन, तुमच्या दारात देईन, ऐकतेस का भवाने? रुग्णवाहिका!"

मी माझ्या फोनवरून तिथल्या आपत्कालीन सेवेलाही कळवलं. औषधाचं नाव, मात्रा, किती वेळा चुकली, सगळं क्रमानं. माझा आवाज स्थिर होता. फोन ठेवला तेव्हा कळलं, दुधाचा पुडा मी अजून छातीशी धरला होता आणि तो फुटला होता.

७

काका-काकूंना सगळं सांगून घरून घेतलं आणि दुकानाच्या गाडीतून आम्ही चौघं त्याला नेलेल्या रुग्णालयाकडे निघालो. मित्सुयोताई चालवत होती, शेजारी काकू, मागे काका आणि मी. पाऊण तासानं शहर मागे पडलं.

मग काकू समोर बघतच म्हणाल्या, "तू नीट लावून ठेवलंस, म्हणून मी दोन दिवस पाण्यात त्याला शोधत होते."

मित्सुयोताईनं गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा चालवायला लागली. "आणि तू पित्त म्हणालीस, आई," ती एवढंच बोलली.

एक गोष्ट मला अजून जुळत नव्हती. विचारू नये असं वाटत होतं, पण अर्धवट सोडलेलं गणित मला झोपू देत नाही.

"कडी तुटलेली नव्हती," मी म्हणाले. "त्या सहा जणांना त्यानं दार उघडलं नसतं. मित्सुयोताईलाही नाही. मग कुणाला उघडलं?"

काका खिडकीबाहेर बघत होते. शेतांवर बर्फ दिसू लागला होता.

"मी अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो," ते म्हणाले. "ते लोक म्हणाले, दार फोडलं तर शेजारी येतील, तुम्ही बोलावून बघा. मी विचारलं, काय सांगून बोलावू? ते म्हणाले, काहीही. मग मी करी केली. पाकिटावर लिहिलेलं वाचून वाचून केली. दोन ताटं वाढली. दाराशी जाऊन म्हणालो, 'करी केलीय. ये, जेवू बरोबर.'"

"बाबा, नको," मित्सुयोताई म्हणाली.

"'दोन मिनिटं,' म्हणाला. मला वाटलं, नाही येणार. आतून पाण्याचा आवाज आला. बाटलीतलं पाणी घेऊन त्यानं केस ओले केले होते. भांग पाडून बाहेर आला." काकांनी भिंग धरावं तसा रिकामा हात धरला होता. "जिन्यात ते उभे होते. तो परत खोलीत धावला, पण कडी लावायला मिळाली नाही. त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं."

काकूंनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

८

रुग्णालयात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते.

"वाटेत दोन फिट्स आल्या. आता थांबल्यात," ते म्हणाले. "अर्धा तास उशिरा आणला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो. वाचेल. बोलायला थोडा वेळ लागेल."

काकू आत गेल्या. काचेतून मला पलंगावरचा एक पाय दिसला. मोठा, पांढराफटक, ज्याचं माप कुणाला माहीत नव्हतं. तासाभरानं मित्सुयोताईला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला नाही, मुद्दामच.

शनिवारी मी पुन्हा गेले. काका कॉरिडॉरमध्ये त्याच बाकावर, त्याच कपड्यांत बसले होते. गुरुवारपासून ते घरी गेले नव्हते, आणि त्यांना आत कुणी बोलावलंही नव्हतं.

परिचारिका बाहेर आली. ते उठून उभे राहिले, सदऱ्याची कॉलर नीट केली.

"विचारलंत?"

"विचारलं, आजोबा. आता नीट बोलताहेत ते." ती घुटमळली. "नको म्हणाले."

"नको म्हणाला?"

"हो."

काकांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मग बाकावर बसले आणि हात मांडीवर ठेवले.

"बरं," ते म्हणाले. "बरोबर आहे त्याचं. पण मी इथे आहे, एवढं त्याला सांगाल का? आणि आत कुणाला सोडायचं, हे त्यालाच विचारत जा. दर वेळी विचारा."